मोटारीची बखर आणि तिचे अस्सल कागद

इतिहाससंशोधन म्हणजे किल्ले, तहनामे आणि वंशावळी, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. परंतु जेथें जुनी वस्तु शिल्लक राहते आणि तिच्याविषयींच्या हकीकतीला किंमत येते, तेथें बखर आणि अस्सल कागद यांचा तंटा उभा राहतोच. अमेरिकेंतील जुन्या मोटारींच्या शौकिनांना छळणारा प्रश्न याच जातीचा आहे: ही दुर्मिळ सामग्री गाडींत कारखान्यांतच बसविली, कीं मागाहून?

शेव्हरोले कंपनीची १९६९ सालची कॅमॅरो गाडी घ्या. गिऱ्हाइकानें छापील यादींतून इंजिन, रंग, रेडिओ निवडावा आणि कारखान्यानें तशी गाडी बांधावी, अशी तेव्हां रीत होती. एवढ्या गाडींत ४०० घनइंचांहून मोठें इंजिन बसवूं नये, हा मालक कंपनी जनरल मोटर्सचा दंडक असल्यामुळें तसें इंजिन यादींत नव्हतेंच. मात्र मध्यवर्ती कचेरीच्या खास हुकुमाची एक निराळी वाट होती. टॅक्सी, पोलिसांच्या गाड्या, एखाद्या पेढीला हवा असलेला रंग, असल्या रूक्ष कामांसाठीं ती ठेवलेली. याच वाटेनें इलिनॉयमधील ला हार्प या गांवचा विक्रेता फ्रेड गिब यानें ४२७ घनइंचांचें, अ‍ॅल्युमिनियमचें झेडएल-१ इंजिन असलेल्या ५० गाड्या मागविल्या. शर्यतीच्या नियमांना तितक्या लागत. नुसत्या इंजिनाचेच ४,१६० डॉलर पडले आणि गाडीची किंमत ७,००० डॉलरांवर गेली. गिऱ्हाईक मिळेना, बऱ्याच गाड्या परत कराव्या लागल्या. एकंदर बांधल्या गेल्या त्या अवघ्या ६९.

त्याच गाडीला आज कित्येक लाख डॉलर पडतात, आणि किंमतीमागोमाग तोतयेही येतात. त्या सालच्या कॅमॅरोच्या क्रमांकावरून इंजिन सहा सिलिंडरांचें कीं आठ, एवढेंच समजतें. पाँटिअकचें जुनें दप्तर उरलें आहे, कॅनडांत विकलेल्या गाड्यांच्या नोंदी तेथील जनरल मोटर्सनें जपल्या. पण अमेरिकेंतील शेव्हरोलेच्या एकेका गाडींत कोणती सामग्री बसविली, याची त्या काळची नोंद सहसा मिळत नाहीं. तेव्हां साधनें शोधावयाचीं तीं गाडीपाशींच: इंजिनावर ठोकलेला गाडीच्या क्रमांकाचा अंश, भागांवरील ओतकामाच्या तारखा, विक्रेत्याचें बिल, बैठकीच्या स्प्रिंगांत अडकून राहिलेला कारखान्याचा बांधणी-कागद. एकट्या साधनावर विसंबून चालत नाहीं. आंकडे नव्यानें ठोकतां येतात आणि पहिल्या मालकाची आठवण वर्षागणिक फुगत जाते. पण गाडीनंतरच्या तारखेचा भाग तिच्यांत मुळापासून असणें शक्य नाहीं.

लबाडीपेक्षांही मोठा धोका जीर्णोद्धाराचा आहे. कारागीर गंज खरवडतो, त्याबरोबर कामगारांच्या खडूच्या खुणा जातात. बैठकीचें फाटकें अस्तर फेकतो, त्याबरोबर कागद जातो. गाडी झळझळीत होते आणि मुकी होते. आपल्याकडे देवळाला तैलरंग फांसून शिलालेख बुजविणाऱ्यांचा हेतुही वाईट नसतो! म्हणून पान्याला हात घालण्यापूर्वीं छायाचित्रें घ्यावींत, चिठ्ठीचपाटी सांभाळावी, आणि पुरावा न मिळाल्यास त्या रकान्यांत 'अज्ञात' असें लिहावें. पुढच्या संशोधकाला मनगढंत हकीकतीपेक्षां तो एक शब्द अधिक उपयोगी पडेल.