खानदेशच्या राजकारणातील सभ्यता आणि चारित्र्य

राजकारणात विरोधक असतात, शत्रू नसतात, हे वाक्य व्यासपीठांवरून नेहमीच ऐकू येते. प्रत्यक्ष आचरणात ते कितपत उतरते, याची परीक्षा मात्र सभागृहात आणि न्यायालयात होते. जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांचा राजकीय इतिहास त्या दृष्टीने उद्बोधक आहे. पक्षभेदापलीकडील सौजन्याची उदाहरणे येथे आहेत, तशीच पक्षभेदापलीकडे गेलेल्या स्खलनाचीही.

कारागृहातील संस्कार

१९३२ मध्ये धुळ्याच्या कारागृहात विनोबा भावे यांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती शब्दबद्ध केली. याच कारागृहात १९४०-४१ मध्ये युद्धविरोधी भाषणांबद्दल तरुण मधु लिमये जवळजवळ वर्षभर स्थानबद्ध होते. पुढे या मंडळींच्या वाटा वेगळ्या झाल्या. विनोबा पक्षीय राजकारणापासून दूर राहिले, गुरुजी समाजवादी चळवळीत गेले, तर लिमये लोकसभेत नियमांचा काटेकोर आधार घेऊन सरकारला धारेवर धरणारे संसदपटू म्हणून गाजले. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. धनाजी नाना चौधरी हे त्याच्या प्रमुख संयोजकांपैकी एक होते.

अध्यक्षपदाची कसोटी

धनाजी नानांचे चिरंजीव मधुकरराव चौधरी १९९० ते १९९५ या काळात विधानसभेचे अध्यक्ष होते. चोपड्याचे अरुणभाई गुजराथी यांनी १९९९ ते २००४ या काळात हे पद भूषविले. अध्यक्ष बहुमताच्या पाठिंब्याने निवडून येतो. मात्र आसनावर बसल्यावर तो साऱ्या सभागृहाचा असतो. एरवी त्याला मत नसते. मते समसमान पडली तरच निर्णायक मत देता येते. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने आमदारांच्या अपात्रतेचा निवाडाही त्याच्याकडे सोपविला. चौधरी यांच्यासमोर १९९१ मध्ये छगन भुजबळ यांच्या गटाच्या शिवसेनेतून फुटण्याचा प्रश्न आला. गुजराथी यांच्या कारकीर्दीत जून २००२ मध्ये विलासराव देशमुख सरकारला विश्वासदर्शक ठरावाला सामोरे जावे लागले. अशा प्रसंगी आपल्याच पक्षाचे हित आणि आसनाची प्रतिष्ठा यांत निवड करण्याची वेळ येते. म्हणूनच हे पद जितके मानाचे, तितकेच कठीण होय.

एक मतदारसंघ, दोन विरोधी पक्षनेते

पूर्वीचा एदलाबाद, म्हणजेच मुक्ताईनगर मतदारसंघाने परस्परविरोधी पक्षांचे दोन विरोधी पक्षनेते विधानसभेला दिले. १९६७ पासून येथून निवडून येणाऱ्या काँग्रेसच्या प्रतिभाताई पाटील १९७९-८० मध्ये या पदावर होत्या. १९९० ते २०१९ या काळात येथील प्रतिनिधित्व करणारे एकनाथ खडसे यांनी २००९ ते २०१४ मध्ये भाजपच्या वतीने हीच जबाबदारी सांभाळली.

२००७ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पक्षाच्या भिंती काही काळ बाजूला पडल्या. शिवसेना राष्ट्रीय लोकशाही आघाडीत होती आणि आघाडीचा पाठिंबा भैरोंसिंह शेखावत यांना होता. तरीही बाळासाहेब ठाकरे यांनी मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. २५ जुलै २००७ रोजी त्यांनी देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती म्हणून शपथ घेतली.

खडसे २०२० मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले. त्यांच्या स्नुषा रक्षा खडसे मात्र भाजपमध्येच राहिल्या आणि जून २०२४ मध्ये केंद्रात राज्यमंत्री झाल्या. एकाच घरात दोन पक्ष, हे चित्र खानदेशाने जवळून पाहिले.

नाण्याची दुसरी बाजू

सौजन्य आणि संगनमत यांतील सीमारेषा मात्र विसरता येत नाही. २३ डिसेंबर २००५ रोजी पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात संसदेच्या दोन्ही सभागृहांतून अकरा सदस्यांची हकालपट्टी झाली. ते चार वेगवेगळ्या पक्षांचे होते आणि त्यांत जळगावचे तत्कालीन भाजप खासदारही होते. जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेतील गैरव्यवहाराच्या खटल्यात धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी दोन माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरविले. निकालाच्या वेळी त्या दोघांपैकी एक शिवसेनेचे, तर दुसरे राष्ट्रवादीचे नेते म्हणून ओळखले जात होते. या निकालाला पुढे उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. ही घरे झोपडपट्टीवासीयांसाठी होती, ही बाब येथे अधिक महत्त्वाची.

विरोधकाच्या सुखदुःखात सहभागी होणे ही सभ्यता. परंतु त्याच्या गैरकृत्याकडे डोळेझाक करणे ही सभ्यता नव्हे. विरोधी पक्षनेत्याला मंत्र्याचा दर्जा दिला जातो, तो सरकारशी गोडीगुलाबीने वागण्यासाठी नव्हे, तर सरकारला जाब विचारण्यासाठी. शब्दांत मर्यादा आणि हिशेबात कठोरपणा ही दोन्ही पथ्ये पाळली, तरच पक्षापलीकडच्या मैत्रीचा लाभ सामान्य मतदाराला होतो. अन्यथा ती मैत्री नेत्यांचीच सोय ठरते आणि तिची किंमत घरकुलाची वाट पाहणाऱ्याला मोजावी लागते.