बंबापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत



तांब्याच्या बंबात लाकूड घालण्याआधी आजी ते जमिनीवर आपटून बघायची. आत मुंग्या, किडे असतील तर बाहेर पडावेत म्हणून. पाणी गाळून आणि जळण पाहून वापरायचे, ही आपल्या घरांची शिस्त. गीझर आला आणि जळण नजरेआड झाले. कोळसा दूर वीजकेंद्रात जळतो, म्हणून आपल्याला आपले हात स्वच्छ वाटतात. १०० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला सुमारे २.३ युनिट वीज लागते.

उन्हावर पाणी तापवणे ही आजची गोष्ट नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी १८९१ मध्ये अशा यंत्राचे पेटंट घेतले. काचेच्या झाकणाची पेटी आणि आत काळ्या टाक्या. पण रात्री पाणी गार व्हायचे. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी तापणाऱ्या नळ्या आणि टाकी वेगळी केली, टाकीला ऊब धरणारे आवरण दिले. गरम पाणी हलके, ते आपोआप वर चढते. पंप लागत नाही. सकाळीही गरम पाणी मिळू लागले. पुढे स्वस्त नैसर्गिक वायू आला आणि तिथे हा धंदा मागे पडला.

आज आपल्या गच्चीवर तीच युक्ती आहे. अग्नी पेटत नाही, हे मोठे समाधान. पण उन्हाने तापवले तरी अप्काय जीवांची विराधना होतेच. म्हणून फुकटचे पाणी समजून नळ सोडू नये. आजीची नजर जळणावर होती. आपली बादलीवर हवी.