कालवांचा घरभेद्या

राज्यें बुडविणाऱ्या सेनापतींचीं चरित्रें इतिहासकार मोठ्या आवडीनें लिहितात. पण बोटाच्या पेराएवढ्या किड्यानें एका सबंध किनाऱ्याचा धंदा कसा हालवून सोडला, याची बखर सहसा कोणी लिहीत नाहीं. ती थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे. स्थळ ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स ही वसाहत; काळ एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध.

सिडनीच्या आसपासच्या खाड्यांत कालवें विपुल होतीं. तेथील मूळच्या रहिवाशांनीं हजारों वर्षें तीं खाल्लीं आणि टाकलेल्या शिंपल्यांचे ढीगच्या ढीग किनाऱ्यावर साचले. 1788 सालीं इंग्रजांनीं वसाहत केली, तेव्हां त्यांस घरें बांधावयास चुना पाहिजे होता. पण चुनखडीचा दगड जवळपास सांपडेना. मग ते ढीग भट्टींत गेले, आणि तेही पुरेनात तेव्हां जिवंत कालवें जाळण्यास सुरुवात झाली. अखेर 1868 सालीं कायदा करून ही जाळपोळ थांबवावी लागली. खाण्यासाठीं तळ खरवडणें मात्र चालूच होतें. मालाचा तुटवडा पडतां पडतां सरकारला 1876 च्या सुमारास चौकशी-कमिशन नेमावें लागलें, आणि पुढें व्यापाऱ्यांनीं न्यूझीलंडचीं कालवें आणून तूट भरून काढण्याचा मार्ग धरला.

याच सुमारास नवें संकट उपस्थित झालें. एका खाडीमागून दुसऱ्या खाडींतील कालवें मरूं लागलीं. शिंपला उघडावा, तों आंतल्या चकचकीत थराखालीं काळ्या चिखलानें भरलेले फोड दिसावे, आणि त्या चिखलांत दोन लांब मिशांचा एक बारीक कृमि वळवळत असावा! सिडनी विद्यापीठांतील प्राणिशास्त्रज्ञ विल्यम हॅसवेल यांनीं 1885 सालीं त्याविषयीं निबंध लिहिला. ऑस्ट्रेलियन म्युझियममधील टॉमस व्हाइटलेग यांचा सविस्तर अहवाल 1890 सालीं प्रसिद्ध झाला. हा कृमि पॉलिडोरा या वंशांतला.

त्याची रीत मोठी चमत्कारिक आहे. तो कालवाचें मांस खात नाहीं. पाण्यांत तरंगणारें त्याचें पिलूं शिंपल्याच्या कांठाशीं येऊन बसतें, तेथें पोखरून इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचें बीळ करतें, आणि त्यांत चिखल गोळा करतें. बिळाच्या तोंडाशीं मिशा हालवून पाण्यांतील कण टिपावे, एवढाच त्याचा चरितार्थ. त्याच्या अंगाच्या पांचव्या वलयावर राठ कांट्यांची रांग असते. या कांट्यांनीं तो शिंपला कोरतो, कीं अंगांतून पाझरणाऱ्या आम्ल द्रवानें विरघळवितो, हा वाद पुष्कळ दिवस चालला. आतां मुख्य काम द्रवाचें मानतात. इकडे कालव त्या चिखलावर शिंपल्याचा नवा थर चढवूं लागतें. किड्यानें आणखी पोखरावें, कालवानें पुन्हां लिंपावें. बिचाऱ्याची सारी पुंजी भिंतीच्या गिलाव्यांतच खर्ची पडते. तें रोडावतें, शिंपला ठिसूळ होतो, आणि जें जगतें त्यासही बाजारांत गिऱ्हाईक मिळत नाहीं.

उपाय निघाला तो भरती-ओहोटीच्या आश्रयानें. आमच्या कोंकणांतील खडकांना चिकटलेलीं कालवें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस ठाऊकच आहे कीं, ओहोटीला हा प्राणी कवाडें मिटून स्वस्थ बसतो. किड्यास मात्र कोरडेपणा फार काळ सोसत नाहीं. म्हणून तेथील धंदेवाल्यांनीं खाडीचा तळ सोडला, आणि भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यांत दगडांवर, तिवरांच्या काठ्यांवर, पुढें मांचणांवर कालवें वाढविलीं. कीड दिसलीच, तर सात ते दहा दिवस कालवें सावलींत कोरडीं ठेवावयाचीं. याप्रमाणें सिडनीचें खडकी कालव वांचलें. पण तळावर पसरलेल्या कालवांच्या अफाट राशी नाहींशा झाल्या, त्या पूर्ववत् झाल्या नाहींत.

आतां दोष कोणाचा? कांहीं ऑस्ट्रेलियन संशोधकांनीं 2007 सालीं असें प्रतिपादन केलें कीं, न्यूझीलंडहून आणलेल्या कालवांबरोबरच हा कृमि आला, आणि एका खाडींतून दुसऱ्या खाडींत केलेल्या नेआणीनें तो पसरला. दुसरा पक्ष म्हणतो, अतोनात उपसा झाला, आणि रानें तोडल्यामुळें वाहून आलेल्या गाळानें खाड्यांचे तळ भरले. किड्यास आयता चिखल मिळाला. आम्हांस हे दोन पक्ष परस्परविरुद्ध वाटत नाहींत. कोणताही घ्या, आरंभीं माणसाचाच हात दिसतो. आधीं ओरबाडलें, मग उणीव भरून काढण्यासाठीं, बरोबर आणखी काय येत आहे हें न पाहतां, परका माल आणला.

ही गोष्ट केवळ जुनी म्हणून सोडून देतां येत नाहीं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन संस्थानांतील प्यूजेट खाडींत याच वंशांतील एक कृमि सांपडल्याचें 2020 सालीं प्रसिद्ध झालें आहे. घरभेद्यास आपण शिव्याशाप देतों, तें योग्यच. पण त्याला दार कोणीं उघडून दिलें, हेंही बखरींत नमूद असलें पाहिजे.