लग्नघरची याद आणि इसार

कार्य ठरले की आधी कागद निघतो. दोन्हीकडची वडीलधारी माणसे बसून देण्याघेण्याची व मानपानाची कलमे लिहून काढतात, त्या कागदास महाराष्ट्रात 'याद' म्हणतात. ती लिहून होताच लग्नही उरकले, म्हणजे 'यादी पे शादी' झाली असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु ही याद व्याह्याव्याह्यांमधली. वाजविणारा, मडकी देणारा, मशाल धरणारा यांच्याशी कागद करण्याची गरज जुन्या गावगाड्यात कोणास भासत नसे.

याचे कारण बलुतेदारी होय. कुंभाराने मडकी आणावी, परटाने पायघड्या घालाव्या, न्हाव्याने मशाल धरावी, मांगाने वाजवावे, जोशाने मुहूर्त काढून लग्न लावावे, ही कामे पिढ्यान्‌पिढ्या वाटून दिलेली असत. मोबदला सुगीच्या वेळी धान्यरूपाने मिळे. कार्यप्रसंगी पागोटे, नारळ, शिधा पडे तो वेगळा. इसार नाही, घासाघीस नाही. कागद होई तो कामाविषयी नव्हे, हक्काविषयी. वतनाची वाटणी कशी, मान कोणत्या घराचा, असे तंटे गोतसभेपुढे जात आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई.

या सोयीला दुसरी बाजू होती. यजमानास निवड नव्हती. गावजोशास न बोलावता दुसऱ्याकडून लग्न लावले, तरी त्याची दक्षिणा चुकत नसे. इंग्रजी अमलात असे दावे मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेले. न बोलावलेल्या जोशाचा हा हक्क मुंबई इलाख्यात १९२६ साली कायद्याने रद्द झाला. ज्याने काम केले नाही त्यास दाम का द्यावा, हा साधा प्रश्न सुटावयास इतकी वर्षे लागली!

ज्या लग्नाचा पसारा एका गावाच्या बलुत्यात मावणारा नव्हता, तेथे कामाचीही याद करणे भाग पडे. १७८३ साली पुण्यास सवाई माधवराव पेशव्यांचे लग्न झाले, त्यासाठी नाना फडणविसांनी करविलेली बंदोबस्ताची याद प्रसिद्धच आहे.

सामान्य गृहस्थावर तशी वेळ शहराने आणली. १८५६ साली मुंबईत पहिली कापडगिरणी चालू झाली आणि पुढे कोकणातून व घाटावरून माणसांची रीघ लागली. चाळीत बलुतेदार कोठून असणार? मग मामाच्या ओळखीचा आचारी, शेजाऱ्याच्या ओळखीचा वाजंत्रीवाला, असे चालू झाले. ओळखीने माणूस मिळे खरा, पण ओळखीनेच तोंडही बंद होई. पाने दोनशे म्हटली होती की अडीचशे, सरपण कोणी आणावयाचे, हे तिथीच्या दिवशी चुलीपाशी निघाले, तर वधूपित्याने भांडावे कोणाशी? आचाऱ्याशी भांडावे तर मामा रुसतो. आणि मुहूर्त कोणासाठी थांबत नाही. म्हणून शहाण्या घरांतून तारीख, पानांची संख्या, भांडी कोणाची, इसार किती व बाकी केव्हा, एवढे चार ओळींत लिहून खाली दोघांची सही घेत. त्यात मामाचा अपमान नसे. उलट मध्यस्थ म्हणून त्याचीच साक्ष घालीत, म्हणजे त्यासही उगाच दोष येत नसे.

१८७२ च्या कराराच्या कायद्याने तोंडी करारही चालतो, परंतु तो शाबीत करणे कठीण. १८९९ च्या स्टँपच्या कायद्यात वीस रुपयांवरील पावतीस एक आण्याचे तिकीट लावावे असे होते. आता ती मर्यादा पाच हजार रुपये असून तिकीट एक रुपयाचे लागते.