डिजिटल घेऊ की नको?

2001 साली न्यू जर्सीतल्या आमच्या घरात महिनाभर एकच विषय होता. नवीन डिजिटल कॅमकॉर्डर घ्यायचा का? जुना हाय-एट धडधाकट होता. बायकोचं म्हणणं, चालतंय ते कशाला बदलायचं? अगदीच चूक नव्हतं.

आधी थोडा इतिहास सांगतो. 1983 साली सोनीने बीटामूव्ही काढला, घरगुती वापराचा पहिला कॅमकॉर्डर. खांद्यावर घ्यायचं धूड, आणि गंमत म्हणजे त्यात शूटिंग व्हायचं, पण केलेलं बघता यायचं नाही! 1985 मध्ये आठ मिलिमीटर टेपचा व्हिडिओ-एट आला, त्यामागून हाय-एट. कॅमेरा हातात मावू लागला, चित्र सुधारलं. पण सगळं अ‍ॅनालॉगच.

अ‍ॅनालॉगचा जाच आम्हा परदेशस्थांना जास्त. 1997 च्या सांगलीच्या फेरीत मी आजीचं शूटिंग केलं होतं. पाटावर शेवया वळता वळता ती कुणाच्यातरी लग्नाची हकीकत सांगतेय. पुढल्या वर्षी ती गेली. घरच्यांना कॅसेट हवी होती. पण अमेरिकेत एनटीएससी, 525 रेषा. भारतात पाल, 625 रेषा. इकडची कॅसेट तिकडच्या साध्या व्हीसीआरवर धड चालायची नाही. मग हाय-एटची व्हीएचएस, तिची पाल, आणि त्या पालच्या नातेवाइकांसाठी प्रती. दर प्रतीला रंग फिसकटतात, खरखर वाढते. आत्याकडे कॅसेट पोचेपर्यंत आजीचा चेहरा पुसट झाला होता आणि शब्द तर लागतच नव्हते.

1995 मध्ये आलेल्या डीव्हीने नेमकं हेच बदललं. टेपवर आता आकडे. फायरवायरच्या केबलने ते संगणकात उतरवले की प्रत आणि मूळ यात फरकच नाही. फक्त तासाला सुमारे 13 जीबी! माझी तेव्हाची हार्ड डिस्क 20 जीबीची.

मित्र म्हणाले, मिनीडीव्ही घे, छोटा असतो. मी घेतला डिजिटल-एट. सोनीने 1999 मध्ये काढलेला हा मधला मार्ग. कॅसेट हाय-एटचीच, तिच्यावर नोंद डीव्हीची. दोन तासांच्या कॅसेटवर एकच तास मावायचा, म्हणून मित्र हसले. पण यात जुन्या टेपाही चालायच्या (सगळ्या मॉडेल्समध्ये नाही, खोक्यावरचं बारीक अक्षर वाचावं लागे) आणि फायरवायरमधून डिजिटल होऊन बाहेर पडायच्या. दुकानदार नव्या चित्राची स्पष्टता ऐकवत होता. माझं लक्ष कपाटातल्या 23 जुन्या टेपांवर होतं.

पहिल्याच शनिवारी आजीची टेप उतरवली. मूळ टेपवर जेवढं शिल्लक होतं, तेवढं वाचलं.

मिनीडीव्ही आणि डिजिटल-एट दोन्ही आता इतिहासजमा. फुनाईने 2016 साली व्हीसीआर बनवणंही थांबवलं. ती फाइल मात्र एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर उड्या मारत टिकली आहे. गेल्या दिवाळीत आत्याच्या फोनवर पाठवली. तासाभराने तिचा फोन आला. "अरे, आईने ती लग्नाची गोष्ट अर्धी खोटीच सांगितलीय!"