घरी आलेले आणि वाटेत राहिलेले

आमच्या घरात एक गोष्ट अर्धीच सांगतात. मोहोळकडच्या आमच्या गावातला कुणी पूर्वज शेवटच्या बाजीरावाच्या फौजेत शिलेदार होता, स्वतःची घोडी घेऊन लढाईला गेला होता. एवढं सांगताना आजोबांची मान ताठ व्हायची. ‘मग पुढं काय झालं?’ असं विचारलं, की त्यांना पान लावायचं आठवायचं.

पुढं काय झालं असेल, ते मला कॉलेजात १८१८ सालाबद्दल वाचताना कळलं. आमच्याकडे वतनातली थोडी जमीन अजून आहे. ती आहे, याचाच अर्थ बहुधा असा, की तो लढाई सोडून घरी आला होता.

जरा मागं जाऊ. ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीची लढाई झाली. बारा दिवसांत पुणं इंग्रजांच्या हाती गेलं आणि बाजीराव फौज घेऊन फिरत राहिला. मागे इंग्रजी पलटणी, पुढे तो. त्या पलटणींमध्येही मराठी बोलणारे शिपाई भरपूर होते. खडकीच्या आधी बाजीरावानं त्यांना फोडायचा प्रयत्न केला होता, कारण कित्येकांची घरंदारं त्याच्याच मुलखात होती. तरी बहुतेक शिपाई जागचे हलले नाहीत. कंपनीचा पगार ठरल्या वेळी हातात पडायचा, हे त्याचं एक साधं कारण.

पेशव्यांकडं तसं नव्हतं. पगार थकलेला असायचा. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. तो मेला की नुकसान त्याचंच. शिवाय गावाकडं वतन, शेत, भाऊबंदकी. दसऱ्याला निघायचं आणि पावसाळ्याआधी परतायचं, अशी जुनी रीत होती. त्यामुळं फौज कधी फुगायची, कधी ओसरायची. शिलेदार न विचारता गावी गेला, तर सरदार चिडायचा. पण या जाण्याला आजच्या लष्करासारखा ‘पळपुटेपणा’चा शिक्का लगेच बसत नसे.

ही नस माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं बरोबर ओळखली. सातारा घेतल्यावर ११ फेब्रुवारी १८१८ला त्यानं जाहीरनामा काढला. बाजीरावाचं राज्य संपलं. वतनं, इनामं, देवस्थानं सांभाळली जातील. बाजीरावाच्या चाकरीत असणाऱ्यांनी दोन महिन्यांच्या आत आपापल्या घरी जावं. जे जाणार नाहीत, त्यांची वतनं जप्त. आणि फौजेत राहिलेल्या नातेवाइकांची नावं कळवायची ती गावातल्या वतनदारांनीच.

म्हणजे शत्रूनंच रजा मंजूर केली होती, आणि हमी म्हणून घरच्यांनाच धरलं होतं.

नऊ दिवसांनी, २० फेब्रुवारीला, आमच्याच भागातल्या आष्टीजवळ जनरल स्मिथनं पेशव्यांना गाठलं. बापू गोखले लढता लढता पडले. बाजीराव निसटला. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. गोखले गेले, छत्रपतीही नाहीत. आता कुणासाठी थांबायचं? जहागीरदार, शिलेदार एकेक करून वाटेला लागले. आमचा पूर्वज याच दिवसांत परतला असावा. आष्टीपासून आमचं गाव घोड्यावर काही तासांचं.

पण ज्यांच्याकडं घोडा नव्हता, त्यांचं काय?

बाजीरावाचं पायदळ आणि तोफखाना घोडदळाच्या पळापळीत टिकणं शक्यच नव्हतं. ते सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या आसऱ्याला थांबले. त्यांत कित्येक अरब आणि दूरदूरच्या मुलखांतून पोटासाठी आलेले लोक होते. इथं त्यांचं वतन नाही, शेत नाही. ‘घरी जा’ म्हणणाऱ्या जाहीरनाम्यात त्यांना देण्यासारखं काहीच नव्हतं. आणि आता तर ती दोन महिन्यांची मुदतही उलटली होती.

९ मेला थॉमस मन्रो सोलापूरपुढं येऊन ठेपला. त्यानं बोलणी करायला एक हिंदी अंमलदार पाठवला. त्याला तटाखाली मारण्यात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेठ पडली. पेशव्यांच्या बाजूचे सेनापती गणपतराव पानसे जखमी झाले. त्या संध्याकाळी छावणीतले लोक निघून जायला लागले. मन्रोनं प्रिट्झलरच्या हाताखाली घोडदळ मागं सोडलं. मोकळ्या माळावर, पायी चालणाऱ्या माणसांना घोडेस्वारांनी गाठलं. अंधार पडेपर्यंत कापाकापी चालली, शेकडो मेले. १५ मेला किल्ला शरण गेला.

फेब्रुवारीत फौज सोडणारा आणि १० मेला फौज सोडणारा यांनी केलं ते एकच. एकाला घोडा होता, जायला जवळ गाव होतं, हातात मुदत होती. दुसऱ्याकडं तिन्ही नव्हतं. एकाच्या नावावर जमीन राहिली, दुसऱ्याचं नावही राहिलं नाही.

३ जूनला बाजीराव माल्कमला शरण गेला. वर्षाला आठ लाखांचं पेन्शन ठरलं, राहायला बिठूर. त्यानंतर काही दिवसांतच त्याच्यासोबत उरलेल्या अरबांनी त्याच्या डेऱ्याला गराडा घातला. त्यांना हवा होता थकलेला पगार. शेवटपर्यंत थांबलेल्यांना तोही मागून घ्यावा लागला. शाळेत आम्ही ‘पळपुटा बाजीराव’ म्हणून हसायचो. या माणसांबद्दल परीक्षेत कधी प्रश्न आला नाही.

परवा दिवाळीत पुतण्यानं तीच गोष्ट ऐकली आणि तोच प्रश्न विचारला. मी पान लावायला उठलो नाही. म्हटलं, ‘घरी आला. पाऊस पडल्यावर पेरणी केली असेल.’ त्याला हे काही फारसं आवडलं नाही. थोड्या वेळानं म्हणाला, ‘काका, आणि बाकीचे?’

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन सोलापूरला किल्ल्यात गेलो. तटावर उभं राहून शहराकडं बोट दाखवलं. ‘आता सगळी घरं झालीत,’ मी म्हणालो, ‘तेव्हा पेठ संपली की माळच होता. बाकीचे तिथपर्यंत पोचले.’