डेम्लो संख्यांची कुळकथा

लोकलने कल्याणकडे जाताना ठाण्यापुढे जे डोंबिवली लागते, त्या मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरील स्थानकाला जी.आय.पी. रेल्वेच्या काळात डेम्लो म्हणत. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांना एका संख्याकुळाचा विचार तेथे सुचला, म्हणून त्या कुळाला स्थानकाचेच नाव मिळाले.

डेम्लो संख्येचे डावा, मधला आणि उजवा असे तीन भाग पडतात. डाव्या व उजव्या भागांच्या बेरजेत एकच अंक पुन्हा पुन्हा येतो आणि मधला भागही त्याच अंकाचा बनलेला असतो. २५५३ मध्ये २ आणि ३ यांची बेरीज ५, आणि मध्ये ५५. या कुळातील सर्वांत देखणी शाखा वर्गांतून निघते: ज्या संख्येत १ वाचून दुसरा अंक नाही, तिचा वर्ग केला असता १२१, १२३२१, १२३४३२१ अशी क्रमिका, म्हणजे ठरावीक नियमाने येणाऱ्या संख्यांची ओळ, तयार होते. १२३२१ मध्ये १२ आणि २१ मिळून ३३ होतात, आणि मधला अंक ३ आहे.

डहाणूत जन्मलेल्या व १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या कापरेकरांनी १९३८ मध्ये ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात या शाखेला ‘वंडरफुल डेम्लो’ म्हटले, आणि १९३९ मध्ये के. आर. गुंजीकर यांच्यासह मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात तिचा सिद्धांत मांडला. आज पूर्णांक क्रमिकांच्या ऑनलाइन विश्वकोशात ती त्याच नावाने नोंदलेली आहे, हे यथोचितच होय.

या वर्गांच्या सममितीचे मूळ हातचा न येण्यात आहे. १११ ला १११ ने गुणताना उभ्या रकान्यांत अनुक्रमे १, २, ३, २, १ इतके एक येतात, आणि कोणत्याही रकान्याची बेरीज ९ च्या वर जात नाही तोवर हातचा घ्यावा लागत नाही. म्हणून नऊ एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ असा शिखरापर्यंत चढून तसाच उतरतो. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात १० येतात, हातचा डावीकडे सरकतो आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा विस्कटतो.

परंतु येथेच कापरेकरांचा दुसरा शोध भेटतो. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे मिळवले असता तीच संख्या परत येते, तिला कापरेकर संख्या म्हणतात: ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे ४५. वरील विस्कटलेल्या वर्गाचे १२३४५६७९० आणि ०९८७६५४३२१ हे तुकडे मिळवले, तर नेमके दहाच एक येतात: ११११११११११.